दुर्बिणीची बैठक

कुंभकोणमहून पूर्वेला सहा-सात किलोमीटर गेलं की तिरुनागेश्वरम् लागतं. नवग्रहांची यात्रा करणारे मराठी भाविक इथे राहूच्या दर्शनाला येतात. अभिषेकाचं दूध मूर्तीवर निळं दिसतं असं सांगतात, ते पाहायला गर्दी होते. दर्शन आटोपून बाहेर आल्यावर चौफेर नजर टाकली, तर सह्याद्रीच्या आसऱ्याला वाढलेल्या माणसाला एक गोष्ट चटकन जाणवते. इथे डोंगर नाही. एकही नाही. कावेरीने हजारो वर्षं गाळ आणून पसरलेली ही जमीन पार क्षितिजापर्यंत सपाट आहे. भाताची खाचरं, नारळीच्या रांगा आणि मधूनच वर आलेलं एखादं गोपुर. उंचावरून पाहायचं तर देवळाशिवाय जागा नाही.

नेमकी हीच अडचण विल्यम लॅम्बटनला आली. 1802 साली त्याने मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली होती. एका उंच ठिकाणावरून दुसरं उंच ठिकाण दुर्बिणीतून पाहायचं, कोन मोजायचा, त्रिकोण जोडत पुढे जायचं, अशी ही पद्धत. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात उतरल्यावर डोंगर संपले आणि त्याला मंदिरांची शिखरं वापरावी लागली. 1808 साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर तो आपला थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, चढवत होता. हे मंदिर मराठी माणसाला परकं नाही. तेव्हा तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे दुसरे होते, आणि भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख याच मंदिराच्या भिंतीवर पाचच वर्षांपूर्वी, 1803 साली, कोरला गेला होता.

यंत्र लहानसहान नव्हतं. लंडनच्या विल्यम कॅरीने घडवलेलं, तीन फूट व्यासाच्या आडव्या वर्तुळाचं, सुमारे अर्ध्या टनाचं. ते वर ओढताना आधाराचा दोर तुटला आणि पेटीसकट यंत्र भिंतीवर आदळलं. अंश-कला कोरलेलं ते पितळी वर्तुळ वाकलं. लॅम्बटनने स्वतःला तंबूत कोंडून घेतलं. एका सपाट फळीवर मूळ मापाचं वर्तुळ आखून कापलं आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या व लाकडी हातोड्या वापरून वाकलेली कड इंचाइंचाने ओढत त्या मापात आणली. या कामाला सहा आठवडे लागले. त्यानंतर त्याच यंत्राने मोजणी पुढे सुरू झाली.

या घटनेत एक मोठं मर्म आहे. दुर्बीण दूरचं जवळ आणते, पण ती कुठे रोखली आहे हे तिला स्वतःला ठाऊक नसतं. ते ठरतं ती ज्यावर बसली आहे त्या बैठकीवरून. बैठक बिघडली तर भिंग कितीही स्वच्छ असो, दिसतं सगळं आणि कळतं चुकीचं. पुढे या मोजणीला बैठकीची ही विद्या जाणणारा एक माणूस इथल्याच मुलखातून मिळाला. अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी लॅम्बटननंतर मोजणीची सूत्रं हाती घेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टच्या हाताखाली मोजणीची यंत्रं दुरुस्त केली आणि हेन्री बॅरो या इंग्रज कारागिरानंतर खात्याचे यंत्रकार झाले.

आता हाच प्रश्न अर्ध्या टनावरून साडेतीन-चार किलोंवर आणू. एक जुनी चामड्याची पेटी डोळ्यांपुढे आणा. आत मखमली अस्तर, दोन खण. एका खणात नळी, दुसऱ्यात लाकडी दस्ता आणि त्याला जोडलेला खटका-बोल्टचा भाग. ही आहे टेकडाउन रायफल, म्हणजे दोन तुकड्यांत उघडणारी शिकारी बंदूक. रेल्वे, घोडागाडी, बोट आणि हत्ती अशा प्रवासांच्या जमान्यात लांबलचक बंदूक सांभाळणं अवघड होतं. म्हणून लंडनच्या रिग्बी आणि हॉलंड अँड हॉलंड, बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या कारखान्यांनी माउझर घडणीच्या अशा रायफली बनवल्या. अमेरिकेत विंचेस्टर आणि सॅव्हेज यांनीही त्या विकल्या. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या शस्त्रागारांत विलायती बंदुकांना मानाची जागा होती, आणि त्यांतल्या काही वारशाने आजच्या पिढीच्या परवान्यावर चढल्या आहेत.

अशा रायफलीवर दुर्बीण बसवायची ठरली, तर ती कुठे बसवायची? प्रश्न साधा वाटतो. उत्तर शोधताना मात्र भूमिती, धातुशास्त्र आणि हातकारागिरी एकाच टेबलावर येऊन बसतात.

आधी आकडा पाहू. दुर्बिणीला धरणाऱ्या पुढच्या आणि मागच्या कड्यांत समजा 100 मिलिमीटरचं अंतर आहे. मागचं कडं फक्त 0.01 मिलिमीटरने उचललं गेलं, तर 100 मीटरवर नेम 1 सेंटिमीटरने सरकतो. साधा वहीचा कागद सुमारे 0.1 मिलिमीटर जाड असतो. कड्याखाली त्या कागदाचा कपटा राहिला, तर 100 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर दूर जाईल. तेलाचा थर, धुळीचा कण, गंजाचा ठिपका, स्क्रू पाव फेरा कमी पिळला जाणं, या सगळ्यांचा हिशोब नेमात दिसतो. टेकडाउन रायफल तर वारंवार उघडायची आणि जोडायची वस्तू. प्रत्येक वेळी तिने शतांश मिलिमीटरच्या हिशोबात जुन्याच जागी परतावं, अशी आपली अपेक्षा असते. आणि चांगली घडवलेली जुनी रायफल हे खरोखर करून दाखवते, हे पहिल्यांदा समजलं की थक्क व्हायला होतं.

ती हे करते कसं? बऱ्याच टेकडाउन रायफलींत नळीच्या मुळाशी आटे असतात, पण ते सलग नसतात. मधले काही पट्टे कापून काढलेले असतात. नळी सरळ आत सरकवायची आणि पाव फेरा फिरवायची की आटे एकमेकांत अडकतात. तोफांच्या मागच्या दारालाही हीच युक्ती वापरली जाते. वापराने आटे झिजतात आणि नळी किंचित सैल पडते. जॉन ब्राउनिंगने आखलेल्या आणि बेल्जियमच्या एफएन कारखान्याने 1914 पासून बनवलेल्या .22 रायफलीत यावरही तोड आहे. नळीवर खाचांचं एक कडं असतं, ते एक-दोन खाचा फिरवलं की झिजेची फट भरून निघते.

आता माउंट, म्हणजे दुर्बिणीला रायफलीवर धरणारी बैठक, निवडण्याचा पहिला आणि सर्वांत मोठा नियम इथेच हाती लागतो. रायफल कुठे दुभंगते ते आधी पाहा. गोळीची दिशा नळी ठरवते. दुर्बीण मागच्या भागावर, म्हणजे रिसीव्हरवर, बसवली आणि सांधा मात्र नळी व रिसीव्हरच्या मधे असला, तर नळी आणि दुर्बीण हे दोघे प्रत्येक जोडणीनंतर नव्याने ओळख करून घेतात. सांधा घट्ट असेल तर ओळख जमते, सैल असेल तर नेम रोज वेगळा. दुर्बीण नळीवरच बसवली, तर सांध्यात थोडी हालचाल झाली तरी दोघं एकत्रच हलतात. काही टेकडाउन रायफलींत नळी व रिसीव्हर एकसंध राहतात आणि दस्ताच सुटा होतो. तिथे ही चिंता नाही, दुर्बीण रिसीव्हरवर निर्धास्त बसवावी. जर्मनीच्या ब्लाझर कंपनीने 1993 साली आर-93 रायफल आणली, तेव्हा दुर्बिणीचं खोगीर सरळ नळीवर बसवलं. नळी बदलली की दुर्बीणही तिच्यासोबत जाते.

पण नळीवर बसवण्याचीही किंमत असते. डोळ्यापासून दुर्बीण साधारण आठ-नऊ सेंटिमीटरवर हवी. नळी तर पुढे असते. मग नळीवर पाय रोवून मागे रिसीव्हरवरून अधांतरी येणारा लांब हात बनवतात. स्थापत्याचं शिक्षण घेतलेल्या कुणालाही कॅन्टिलिव्हर तुळईचा नियम आठवेल: टोकाचं वाकणं लांबीच्या घनाच्या पटीत वाढतं. हात दुप्पट लांब झाला तर तोच भार त्याला आठपट वाकवतो. म्हणून असा माउंट जाड, आखूड आणि शक्यतो पोलादी हवा. .22 सारख्या सौम्य रायफलीवर तो उत्तम चालतो. मोठ्या काडतुसाच्या रायफलीवर त्याची खरी परीक्षा होते.

ती परीक्षा किती कठोर असते याचा ढोबळ हिशोब मांडू. 11 ग्रॅमची गोळी सेकंदाला 700 मीटर वेगाने बाहेर पडते, तिच्यामागून जळत्या दारूचा वायू. याची भरपाई म्हणून साडेतीन किलोंची रायफल सुमारे दीड सहस्रांश सेकंदात अडीच-तीन मीटर प्रतिसेकंदाचा वेग घेऊन मागे येते. साडेतीनशे ग्रॅमची दुर्बीण जडत्वामुळे जागीच राहू पाहते. तिला सोबत ओढून नेण्यासाठी माउंटवर त्या क्षणभर साठेक किलो वजनाइतका जोर येतो. प्रत्येक गोळीला. म्हणून जाणकार कारागीर माउंट आवळण्याआधी तो बंदुकीवरच्या पट्टीच्या खाचेत पुढच्या बाजूला दाबून धरतो. धक्क्याच्या वेळी रायफल मागे जाणार, दुर्बीण पुढे सरकू पाहणार. ती सरकण्याची जागा आधीच संपवून टाकली, तर पहिली गोळी आणि विसावी गोळी यांत फरक पडत नाही.

काढून पुन्हा त्याच जागी बसणं म्हणजे नेमकं काय, हे एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्विन आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल या दोघांनी विज्ञानाच्या उपकरणांच्या संदर्भात फार सुंदर उलगडलं. कुठलीही कडक वस्तू सहाच प्रकारे हलू शकते: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती वळणं. तिला जागेवर बसवायचं तर सहा अटकाव पुरेत. पाच दिले तर ती हलेल. सात दिले तर त्यांतला एक बाकीच्यांशी भांडेल आणि वस्तू वाकेल. तीन दगडांची चूल कशीही मांडा, डगमगत नाही. चौथा दगड लावला की पातेलं झुलतं, हा प्रत्येक घरचा अनुभव. केल्विनने उपकरणाला तीन पाय दिले. एक पाय खोलगट खळग्यात, तो तीन अटकाव देतो. दुसरा व्ही आकाराच्या खाचेत, तो दोन. तिसरा सपाट पृष्ठावर, तो एक. तीन, दोन, एक मिळून सहा. असं उपकरण उचला, ठेवा, पुन्हा उचला, ते दर वेळी पहिल्याच जागी बसतं.

बंदुकीचे जुने कारागीर हे समीकरण लिहून काम करत नव्हते, पण त्यांचे हात त्याच दिशेने गेले. जर्मनीतलं सूल आणि ऑस्ट्रियातलं फेर्लाख ही बंदूककामाची गावं. तिथल्या नखी माउंटमध्ये दुर्बिणीच्या पुढच्या पायाला खाली वाकलेली दोन नखं असतात. ती बंदुकीवर पक्क्या बसवलेल्या बेसमधल्या खाचांत अडकवायची, मागचा पाय खाली दाबायचा, स्प्रिंगचा खटका ‘टच्च’ वाजला की झालं. काढायला एक बोट पुरतं. हे एवढं सोपं व्हावं म्हणून कारागीर दिव्याची काजळी वापरतो. एका पृष्ठावर काजळी धरायची, दोन्ही भाग एकमेकांवर बसवायचे, काढायचे. काळा डाग जिथे उमटला तिथे धातू टेकतो आहे. तेवढाच ठिपका कानशीने घासायचा. पुन्हा काजळी, पुन्हा बसवणं, पुन्हा कानस. डाग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हे चालतं. असा माउंट त्या एकाच बंदुकीचा असतो, दुसरीवर तो बसत नाही. म्हणून तो महाग पडतो, आणि म्हणूनच जुन्या बंदुकीसोबत मूळ नखी माउंट मिळाला तर तो कधीही टाकून देऊ नये.

दुसरा घराणेदार प्रकार म्हणजे बाजूचा माउंट. न्यूयॉर्कच्या ग्रिफिन अँड हाउ यांनी 1920 च्या दशकात तो नावारूपाला आणला. रिसीव्हरच्या डाव्या कुशीला एक पोलादी पट्टी स्क्रू आणि निमुळत्या पिनांनी कायमची बसवायची, त्यावर दुर्बीण सरकवून तरफांनी आवळायची. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या एम-1सी गॅरंड या स्नायपर रायफलीलाही हाच माउंट लाभला. त्याचे दोन फायदे. दुर्बीण काढली की वरची माशी आणि मागची खाच मोकळी. आणि विंचेस्टर 1894 सारख्या जुन्या रायफली रिकामं काडतूस सरळ वर फेकतात, त्यांच्यावर दुर्बीण डोक्यावर बसवताच येत नाही, कुशीला सरकवावी लागते.

तिसरा प्रकार आजचा: आडव्या खाचांची पिकॅटिनी पट्टी. अमेरिकी सैन्याने 1995 साली तिचं प्रमाण ठरवलं. खाच 5.23 मिलिमीटर रुंद, दोन खाचांतलं अंतर 10.01 मिलिमीटर. त्यामुळे या प्रमाणाने घडवलेला जगातल्या कुठल्याही कारखान्याचा माउंट अशा कुठल्याही पट्टीवर बसतो. आधीच्या शतकात जे एकाच कारागिराच्या कानशीत होतं, ते आता एका कागदावरच्या आकड्यात आलं. नव्या रायफलीला हे वरदान आहे. जुन्या कोरीव रायफलीवर ती पट्टी मात्र ठिगळ वाटते, आणि ती बसवायला भोकं पाडावी लागतात ती वेगळीच.

भोकांबद्दल जरा थांबून बोलायला हवं. जुन्या माउझर रिसीव्हरचं पोलाद वरून कडक केलेलं असतं. त्यात ड्रिल घसरतं, चुकीच्या जागी घातलं तर मजबुतीच्या भागालाच इजा होते. शिवाय मूळ स्थितीतल्या बंदुकीचं मोल एका भोकाने उतरतं आणि ते भोक बुजवून परत येत नाही. म्हणून आधी पाहावं की कारखान्याने पूर्वीच काही खाच, डव्हटेल किंवा बेस ठेवला आहे का. असेल तर त्यावर बसणारा माउंट शोधावा किंवा कारागिराकडून घडवून घ्यावा. आपल्याकडे बंदुकीत असा फेरबदल किंवा दुरुस्ती करायला 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडूनच करून घ्यावं.

नजरेत न येणाऱ्या दोन-तीन बाबी निवडीत निर्णायक ठरतात. पहिली, उंची. जुना दस्ता उघड्या माशीवर नेम धरण्यासाठी उतरता घडवलेला असतो. उंच माउंट लावला की गाल लाकडावरून उठतो आणि डोळा दर वेळी वेगळ्या जागी जातो. म्हणून बोल्ट मोकळा फिरेल एवढा, पण त्याहून जास्त उंच नाही. दुसरी, नळकांडं. जुन्या जर्मन-ऑस्ट्रियन दुर्बिणींची नळकांडी बहुधा 26 मिलिमीटरची, आजच्या 25.4 किंवा 30 मिलिमीटरच्या. 26 च्या कड्यात 25.4 चं नळकांडं आवळलं तर ते पकडलं जात नाही, 25.4 च्या कड्यात 26 चं कोंबलं तर ते चेपतं. शिवाय त्या जुन्या दुर्बिणींपैकी अनेकींत फक्त वर-खालची सोय असते, डावं-उजवं माउंटच्याच स्क्रूंनी जुळवायचं असतं. नवा माउंट ती सोय देतो का, हे तपासायला हवं. तिसरी, धातू. कावेरीकाठच्या एप्रिलच्या उन्हात बंदूक सहज 30 अंशांनी तापते. 100 मिलिमीटरचं पोलाद तेवढ्यात 0.036 मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम 0.069. पोलादी रायफलीवर ॲल्युमिनियमचा माउंट दोन्ही टोकांना जखडला असेल, तर ही तफावत कुठेतरी ताण बनून बसते. वजन थोडं वाढलं तरी जुन्या पोलादाला पोलादाचीच सोबत बरी.

बैठकीचं हे माहात्म्य दुर्बिणीपुरतं आहे असं मात्र समजू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्याचा स्वप्निल कुसाळे याने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या खेळात दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्र, पुढे कडं, एवढ्यावर नेम. 50 मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं. दोन नेमखुणांत 80 सेंटिमीटर अंतर धरलं, तर मागची खूण 0.08 मिलिमीटर सरकली की गोळी केंद्रातून त्या वर्तुळाच्या काठावर जाते. जिम कॉर्बेटला 1907 मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल मिळालेल्या .275 रिग्बीवरही दुर्बीण नव्हती. खूण पक्की बसलेली होती, तेवढं पुरलं.

राधानगरीचा हा मुलूख आणखी एका कारणाने इथे आठवतो. दाजीपूरचं जंगल एकेकाळी कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं. 1958 साली तिथे गव्यांसाठी अभयारण्य झालं, ते महाराष्ट्रातलं पहिलं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात 1991 साली झालेली दुरुस्ती यांनी तर शिकारीचा अध्यायच मिटवला. त्यामुळे आज अशी रायफल दुरुस्त करायची ती रेंजवर कागदी निशाणावर चालवायला, किंवा एका विलक्षण कारागिरीचा नमुना चालू स्थितीत जपायला. दोन्ही कारणं पुरेशी आहेत.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी पेटी आणि तिचा परवाना आहे, त्यांनी क्रम असा ठेवावा. बंदूक कुठे दुभंगते ते पाहा, आणि सांधा सैल असेल तर आधी तो दुरुस्त करा. जुना बेस असेल तर त्यालाच धरून चला, नवं भोक शेवटचा पर्याय. शक्य तितका बुटका, आखूड आणि पोलादी माउंट घ्या. मग रेंजवर तीन गोळ्या झाडा, दुर्बीण काढा, रायफल उघडा, सगळं पुन्हा जोडा आणि आणखी तीन झाडा. दोन्ही झुबके एकमेकांवर पडले तर माउंट पास. नाही पडले, तर कारखान्याचं नाव कितीही मोठं असो, तो परत करा. आणि पैसा मोजकाच असेल तर आधी बैठकीवर खर्च करा. भिंग नंतरही चांगलं घेता येतं.